उमेदवारीच्या टोकाला पदवी: इंग्लंडमधल्या यूएक्स अप्रेंटिसशिपची पार्श्वभूमी

'उमेदवारी' म्हटलं की आता निवडणूकच डोळ्यांसमोर येते. पण आजोबांच्या पिढीत 'तो अमक्या वकिलाकडे उमेदवारी करतोय' याचा अर्थ साधा होता: पोरगा हाताखाली राहून काम शिकतोय. इंग्लंडमध्ये यूएक्स, म्हणजे 'युजर एक्सपीरियन्स' डिझाइनमध्ये (अॅप, संकेतस्थळ किंवा वस्तू वापरणाऱ्याला सोपी जावी अशी आखणी करण्याच्या कामात) जी 'डिग्री अप्रेंटिसशिप' मिळते, ती समजून घ्यायला हाच जुना अर्थ कामाचा आहे. मुलगा किंवा मुलगी कंपनीत पहिल्या दिवसापासून पगारावर असते. कामाच्या वेळेतलाच काही भाग अभ्यासाला द्यायचा. सुरुवातीचा नियम २० टक्क्यांचा होता, म्हणजे पाच दिवसांतला एक. शेवटी विद्यापीठाची पूर्ण पदवी मिळते आणि फी विद्यार्थ्याला भरावी लागत नाही.

यातला अर्धा भाग साडेचारशे वर्षं जुना आहे. १५६३ साली पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राजवटीत कारागिरांसाठी कायदा झाला आणि ठरलेल्या धंद्यांत शिरण्याआधी किमान सात वर्षं उमेदवारी सक्तीची झाली. करार एकाच कागदावर दोनदा लिहायचे आणि मधून दातेरी कापून एकेक तुकडा दोन्ही पक्षांना द्यायचे. भांडण झालंच तर दाते जुळवून बघायचे. उमेदवारीच्या कराराचा 'इंडेंचर' हा शब्द त्या दात्यांवरूनच आला. पण तेव्हा पैसा उलट्या दिशेनं वाहायचा. चांगल्या धंद्यात मुलाला घालायचं तर बापानंच उस्तादाला रक्कम मोजायची. कारखाने आले तशी ही सक्ती जाचक वाटू लागली आणि १८१४ मध्ये ती रद्द झाली.

डिझाइन शिकवण्याची जबाबदारी सरकारनं घेतली ती १८३७ मध्ये. फ्रेंच मालाच्या नक्षीपुढे ब्रिटिश माल फिका पडतो, ही संसदेतली चिंता त्यामागे होती. लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये सरकारी 'स्कूल ऑफ डिझाइन' उघडलं. आजचं रॉयल कॉलेज ऑफ आर्ट त्याचंच वंशज. गावोगावी अशा शाळा निघाल्या, पण उमेदवारी संपली नाही. स्टॅफर्डशायरमध्ये एक तरुण दिवसा कुंभारकामाच्या कारखान्यात उमेदवारी करायचा आणि जोडीला तिथल्या कलाशाळेत शिकायचा. हाच जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिल्प शिकवायला आला. जे. जे.च्या आवारातला किपलिंग बंगला ज्यांनी पाहिलाय, त्यांनी अर्धी डिग्री अप्रेंटिसशिप पाहिली म्हणायला हरकत नाही.

विसाव्या शतकात विद्यापीठ आणि कारखाना यांची सांगड 'सँडविच कोर्स'नं घातली. त्यातही 'जाड' आणि 'पातळ' असे दोन प्रकार: जाड म्हणजे मध्ये सलग वर्षभर उद्योगात, पातळ म्हणजे काही महिने वर्गात, काही महिने कामावर, असं आलटून पालटून. १९६४ मध्ये कंपन्यांकडून प्रशिक्षणासाठी पैसे वसूल करणारा कायदा आला. पुढे कारखानेच बंद पडत गेले आणि उमेदवारी आटली. १९९४ च्या सुमारास 'मॉडर्न अप्रेंटिसशिप' नावानं ती पुन्हा उभी करण्यात आली, पण 'कॉलेज जमलं नाही म्हणून केलं' हा शिक्का काही पुसला गेला नाही.

शिक्का पुसायची निकड २०१२ मध्ये आली. इंग्लंडमध्ये पदवीची वार्षिक फी जवळजवळ तिप्पट होऊन ९,००० पौंडांपर्यंत गेली आणि कर्ज न काढता पदवी, ही कल्पना अचानक मोलाची झाली. त्याच वर्षी उद्योजक डग रिचर्ड यांचा अहवाल आला. कुठल्या कामाला काय यायला हवं हे उद्योगांनीच लिहावं आणि शेवटी एकदाच कसून परीक्षा घ्यावी, असं त्याचं म्हणणं. जुन्या कारागीर संघांमध्ये उमेदवाराला शेवटी स्वतःच्या हातची एक उत्तम वस्तू करून दाखवावी लागायची; हे त्याचंच नवं रूप. २०१५ मध्ये डिग्री अप्रेंटिसशिपच्या पहिल्या तुकड्या सुरू झाल्या, त्यांत डिजिटल क्षेत्र आघाडीवर होतं.

खरी कलाटणी मात्र एप्रिल २०१७ च्या 'लेव्ही'नं, म्हणजे सक्तीच्या आकारणीनं, दिली. वर्षाला ३० लाख पौंडांहून जास्त पगार वाटणाऱ्या कंपनीनं वरच्या रकमेच्या अर्धा टक्का प्रशिक्षणासाठी भरायचा. मुदतीत वापरला नाही तर गेला. साहजिकच कंपन्या हा पैसा वसूल करायला निघाल्या, आणि पदवीचा कोर्स महाग म्हणून वसुलीला सोयीचा. गरिबाघरच्या मुलांसाठी म्हणून मांडलेल्या योजनेत आधीच नोकरीत असलेले आणि सुस्थितीतले बरेच शिरले, ही टीका तेव्हापासून होते. मला ती रास्त वाटते.

आता यूएक्सची बाजू. या विषयाला विद्यापीठात स्वतःचं घर असं कधी नव्हतंच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी, म्हणजे पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांऐवजी, चाकं आत घेऊन टाकायचे, कारण दोन्ही कळा सारख्याच दिसायच्या आणि शेजारी शेजारी असायच्या. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चपॅनिस यांनी एका कळीला चाकाचा आणि दुसरीला फ्लॅपचा आकार सुचवला. चूक माणसाची म्हणून फाईल बंद करण्यापेक्षा वस्तूकडे बोट दाखवायचं, ही यूएक्सची बाळघुटी. ब्रिटनमध्ये १९४९ साली हायवेल मरेल आणि सहकाऱ्यांनी 'अर्गोनॉमिक्स'ची, म्हणजे काम आणि साधनं माणसाला सोयीची करण्याच्या शास्त्राची, संस्था काढली. १९७० मध्ये ब्रायन शॅकेल यांनी लफबरो विद्यापीठात माणूस आणि यंत्रणा यांच्या अभ्यासाचं केंद्र सुरू केलं. 'युजर एक्सपीरियन्स' हे शब्द हुद्द्यात आणले डोनाल्ड नॉर्मन यांनी, १९९३ च्या सुमारास अॅपलमध्ये.

ब्रिटनमध्ये या कामाला प्रतिष्ठा दिली, ऐकून आश्चर्य वाटेल, सरकारनं. २०११ मध्ये 'गव्हर्न्मेंट डिजिटल सर्व्हिस' स्थापन झाली, पुढच्या वर्षी शेकडो सरकारी संकेतस्थळांच्या जागी एकच 'गव्ह डॉट यूके' आलं आणि २०१३ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमनं त्याला वर्षातलं सर्वोत्तम डिझाइन ठरवलं. कसलीही सजावट नाही. पासपोर्टचा अर्ज आजीलाही भरता यावा, एवढाच हट्ट. त्यातून युजर रिसर्चर, इंटरॅक्शन डिझायनर, कंटेंट डिझायनर ही पदं सरकारी खात्यांत रुळली.

माणसं मात्र येत होती मिळेल तिथून: मानसशास्त्रातून, छपाईतून, ग्रंथालयातून, कोडिंगमधून. मुलाखतीत पदवीपेक्षा पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामाचे नमुने, बघायचे. पोर्टफोलिओसाठी काम हवं आणि कामासाठी पोर्टफोलिओ, अशी कोंडी. म्हणून उद्योगांनी मिळून 'डिजिटल युजर एक्सपीरियन्स प्रोफेशनल' या कामासाठी लेव्हल ६ चं, म्हणजे पदवीच्या दर्जाचं, मानक तयार केलं. वापरणाऱ्यांशी बोलणं, कच्चे आराखडे, प्रोटोटाइप (वापरून बघायचे नमुने), चाचण्या, अपंगांना वापरता येण्याच्या अटी हे सगळं त्यात आलं. ही पदवी 'इंटिग्रेटेड' आहे: अखेरची परीक्षा पदवीतच धरलेली, वेगळी नाही.

आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'ची आठवण इथे येणारच. पण तिथे श्रम शिक्षणाचा खर्च भागवायला होते, शेतात राबून इतिहासाची पदवी घेता यायची. इथे काम हाच अभ्यासक्रम आहे. त्याच्या जास्त जवळ जातं ते यूजीसीनं २०२० मध्ये पदवीच्या आतच अप्रेंटिसशिप बसवायला दिलेलं मार्गदर्शन.

पुण्या-नाशिकहून थेट या वाटेनं जाता येत नाही. सरकारी पैशावरच्या अप्रेंटिसशिपला इंग्लंडमध्ये काम करण्याचा हक्क आणि साधारण तीन वर्षांचं वास्तव्य लागतं. स्टुडंट व्हिसावर ती चालत नाही. त्यामुळे तिथे वाढलेल्या मराठी घरातल्या मुलीला ज्या शिक्षणासाठी पगार मिळू शकतो, तेच शिकायला इथून गेलेला तिचा मावसभाऊ परदेशी विद्यार्थ्याची फी भरतो.