सुमाके-१ आणि बारोसो-२: व्हेनेझुएलाच्या तेलाची सुरुवात कुठली धरायची?

व्हेनेझुएलाचं तेल कधी सुरू झालं, या प्रश्नाला कुणी १९१४ म्हणतं, कुणी १९२२. मग सुमाके-१ आणि बारोसो-२ या दोन विहिरींचे तपशील एकमेकांत मिसळतात. दोन्ही माराकाइबो सरोवराच्या पूर्वेकडच्या आणि दोन्ही शेल या बड्या तेलकंपनीच्या गोटातल्या कंपन्यांनी खोदलेल्या, त्यामुळे घोळ होणं साहजिक आहे. पण पहिलीने तेल विकण्याजोगं आहे हे दाखवलं, आणि ते किती आहे हे दुसरीने. एवढं लक्षात ठेवलं की मधली आठ वर्षंही समजतात.

सुमाके-१ मेने ग्रांदे इथली. खोली जेमतेम १३५ मीटर. ३१ जुलै १९१४ रोजी ती उत्पादनाला लागली आणि दिवसाला साधारण २५० पिंपं देऊ लागली. तिला ‘देशातली पहिली विहीर’ म्हणतात ते मात्र बरोबर नाही. ताचिरा प्रांतात पेट्रोलिया नावाची स्थानिक कंपनी १८८०च्या दशकातच थोडंथोडं तेल काढून रॉकेल बनवत होती. सुमाकेचा मान वेगळा: मोठ्या प्रमाणावरचा तेलधंदा तिच्यापासून सुरू झाला.

पण तेल लागूनही उत्पादनाने लगेच उसळी घेतली नाही. सुमाके सुरू झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं, आणि लवकरच पाइप, यंत्रं, जहाजं सगळ्याचीच टंचाई झाली. त्यात दाट जंगल आणि मलेरिया. सरोवराच्या तोंडाशी वाळूचा दांडा असल्याने मोठी जहाजं आत येऊच शकत नव्हती. सान लोरेन्सोचा तेलशुद्धीकरण कारखाना १९१७ साली सुरू झाला आणि निर्यातही त्याच वर्षी. तरी १९२२ सालचं देशाचं एकूण उत्पादन सुमारे २२ लाख पिंपंच होतं.

त्याच वर्षी बारोसो-२ फुटली. कबीमासजवळच्या ला रोसा भागातल्या या विहिरीचं काम १९१८मध्ये सुरू होऊन अर्धवट थांबलं होतं. १९२२मध्ये ते पुन्हा हाती घेतलं, आणि १४ डिसेंबरच्या पहाटे खालच्या वाळूच्या थरात कोंडलेल्या वायूने तेल थेट आकाशात उडवलं. कारंजं नऊ दिवस चाललं, दिवसाला अंदाजे एक लाख पिंपं. घरांच्या छपरांवर, झाडांवर काळा पाऊस पडत होता. हे संकट थांबावं म्हणून गावकऱ्यांनी सान बेनितो या संताचे ढोल वाजवत साकडं घातलं, असं तिथे आजही सांगतात. शेवटी खालून आलेल्या वाळूनेच विहिरीचं तोंड बुजलं. तोवर नऊ लाखांच्या आसपास पिंपं तेल जमिनीवर सांडलं होतं. सुमाकेच्या सुरुवातीच्या वेगाने तेवढं काढायला जवळपास दहा वर्षं लागली असती.

बातमी जगभर गेली आणि अमेरिकन कंपन्या माराकाइबोकडे धावल्या. मात्र पुढच्या वाढीचं सगळं श्रेय या कारंज्याला देणं मला पटत नाही. हुकूमशहा हुआन विसेंते गोमेसच्या राजवटीने त्याच वर्षी जूनमध्ये, म्हणजे विहीर फुटण्याच्या सहा महिने आधी, कंपन्यांना अतिशय सोयीचा तेल कायदा केला होता, आणि त्याचा मसुदा तयार करताना खुद्द कंपन्यांचाच हात होता. मग उथळ पाण्यात चालणारी टँकर जहाजं दांडा ओलांडून तेल कुरासाओ आणि अरुबा बेटांवर नेऊ लागली. १९२६च्या सुमारास निर्यातीत तेलाने कॉफीला मागे टाकलं. १९२९ साली वार्षिक उत्पादन १३ कोटी पिंपांच्या पुढे गेलं. अमेरिकेनंतर जगात दुसरा क्रमांक, निर्यातीत तर पहिला. सात वर्षांत साठपट वाढ!

म्हणून तेलधंद्याची सुरुवात विचारली तर १९१४ सांगावं, आणि तेजी कधी आली असं विचारलं तर १९२२. व्हेनेझुएलाने स्वतः निवड केली ती सुमाकेची. १ जानेवारी १९७६ रोजी तेल उद्योगाचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष कार्लोस आंद्रेस पेरेस यांनी तो सोहळा मेने ग्रांदेला, याच छोट्या विहिरीपाशी केला.