संशय न्यूट्रलवर घ्या

भाड्याच्या घरात राहायला गेल्यावर आधी राउटर बंद पडतो, मग टीव्ही, मग लॅपटॉपचा चार्जर. घरमालक म्हणतात, "तुमच्याच वस्तू हलक्या असतील, आधीच्या भाडेकरूची कधी तक्रार नव्हती." शेजारचे जाणकार बोर्डाकडे एक नजर टाकून सांगतात, "अर्थिंग नसणार." कुणीतरी हळूच सुचवतं की घर लाभत नसेल. निदानं तीन, पण व्होल्टेज मोजायच्या भानगडीत कुणीच पडलेलं नसतं.

अर्थिंगचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण हा गैरसमज फार चिवट आहे. अर्थिंगच्या तारेतून एरवी करंट जवळजवळ वाहतच नाही. यंत्राच्या धातूच्या आवरणात वीज उतरली तर तिला परतीची वाट मिळावी आणि फ्यूज उडावा, यासाठी ती तार असते. ती नसेल तर माणसाच्या जिवाला धोका असतो, टीव्ही मात्र खुशाल चालू राहतो. अर्थिंग नसलेल्या घरात कॉम्प्युटरच्या पेटीला हात लावल्यावर ज्या झिणझिण्या येतात, त्यांचं कारणही साधं आहे. आतल्या फिल्टरमध्ये दोन छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) असतात आणि त्यांच्या मधल्या जोडावर पेटी जोडलेली असते. त्यामुळे पेटीवर पुरवठ्याच्या निम्मं व्होल्टेज दिसतं. त्यातून येणारा करंट सहसा एका मिलिअँपिअरहूनही कमी असतो. अर्थिंग करून घ्यायलाच हवं, पण राउटर जळाला तो बहुधा त्याच्यामुळे नव्हे.

आता माझ्या आवडत्या गुन्हेगाराकडे येतो. तो म्हणजे सैल झालेला किंवा तुटलेला न्यूट्रल, म्हणजे विजेच्या परतीची तार.

मोठ्या इमारतीत वीज तीन फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांतून येते. कुठल्याही फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट असतात आणि कुठल्याही दोन फेजमध्ये सुमारे ४००. दोन फेजच्या लहरी एकमेकींपेक्षा १२० अंशांनी पुढेमागे असतात, म्हणून बेरीज ४६० न होता २३० गुणिले तीनाचं वर्गमूळ, म्हणजे ३९८ येते. घरं या तीन फेजवर वाटलेली असतात आणि परतीचा न्यूट्रल सगळ्यांचा मिळून एकच असतो.

समजा, हा सामाईक न्यूट्रल खालच्या पॅनेलमध्ये निसटला. सगळ्यांचे दिवे जातील असं वाटतं, पण तसं होत नाही. एका घरातून निघालेला करंट न्यूट्रलच्या पट्टीपर्यंत येतो, पुढची वाट बंद दिसते, आणि तो दुसऱ्या घराच्या न्यूट्रलमधून उलटा शिरून त्या घराच्या फेजकडे जातो. दोन घरं आता एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडली गेली आणि त्यांच्यावर मिळून ४०० व्होल्ट आले. हे ४०० निम्मे-निम्मे वाटले जात नाहीत. ज्याचा रोध जास्त, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट.

आकडे घालून पाहू. शाळेतलं सूत्र: रोध म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. पहिल्या घरात २००० वॅटचा गीझर चालू आहे, त्याचा रोध साधारण २६ ओहम. दुसऱ्या घरात टीव्ही, राउटर आणि एक-दोन दिवे मिळून २०० वॅट, म्हणून रोध दहापट, २६४ ओहम. तिसऱ्या फेजवरचं घर बंद आहे असं धरू. मग ४०० व्होल्टचे अकरा भाग करा. गीझरवाल्याला एक भाग, ३६ व्होल्ट. टीव्हीवाल्याला दहा भाग, ३६४ व्होल्ट! ज्यानं कमी वीज वापरली त्याचीच यंत्रं जळतात आणि शेजाऱ्याचं पाणी फक्त तापत नाही.

प्रत्यक्षात गोष्ट आणखी चिघळते. टीव्ही-चार्जरमधला वीजपुरवठा हा साधा रोध नसतो. त्याला ठरावीक वॅट हवे असतात. व्होल्टेज वाढलं की तो करंट कमी ओढतो. करंट कमी म्हणजे रोध वाढल्यासारखंच, आणि रोध वाढला की वाट्याचं व्होल्टेज आणखी चढतं.

चार्जरवर साधारणपणे १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं. आत शिरताच एसीचं डीसी होतं आणि एका पिंपासारख्या कपॅसिटरमध्ये साठतं. त्यात लहरीच्या शिखराएवढं व्होल्टेज भरतं: २३०ला ३२५, आणि आपल्या ३६४ला तब्बल ५१४. या कपॅसिटरवर बहुतेक वेळा ४०० किंवा ४५० व्होल्टची मर्यादा छापलेली असते. जळालेला चार्जर उघडला तर याचा सपाट माथा फुगलेला दिसतो. माथ्यावर मुद्दाम खाचा पाडलेल्या असतात, म्हणजे फुटायचंच तर तिथून फुटावं. बाजूला कधी निळी चपटी चकती काळी पडलेली असते. ती झिंक ऑक्साइडची असते आणि व्होल्टेज फार वाढलं की स्वतः वीज वाहू लागून यंत्राला वाचवते. पण तिचं काम विजेच्या क्षणिक झटक्यांपुरतं, सेकंदाच्या लाखाव्या भागात मोजायचे असे. ३६४ व्होल्ट मिनिटभर टिकले तर चकती तापून आधी तीच जळते. महागड्या स्पाइक गार्डमध्येही बहुधा हीच चकती असते, म्हणून "गार्ड लावला होता तरी जळालं" या तक्रारीत आश्चर्य काही नाही.

मग एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) का पडला नाही? कारण तो करंट पाहतो, व्होल्टेज नाही. वरच्या उदाहरणात दोन्ही घरांतून जेमतेम १.४ अँपिअर वाहतोय. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचं काहीच वाटत नाही. आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती पकडणारा स्विच, फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ताडून पाहतो. इथे हिशेब चोख जुळतो, म्हणून तोही गप्प.

न्यूट्रल सैल का होतो? लोड आला की जोड तापतो, फुगतो. गेला की आक्रसतो. रोजच्या या उठाठेवीत स्क्रू ढिला पडतो. तार ॲल्युमिनियमची असेल तर दाबाखाली ती हळूहळू चेपत जाते, आणि तिच्यावर चढणारा ऑक्साइडचा थर वीज वाहत नाही. जोडाचा रोध अर्धा ओहम झाला आणि १० अँपिअर वाहिले की त्या एवढ्याशा जागी ५० वॅट उष्णता निर्माण होते. मग इन्सुलेशन करपतं, जळक्या प्लास्टिकचा वास येतो.

आणखी एक गंमत, जरा अवघड. तिन्ही फेजवर सारखा लोड असेल तर न्यूट्रलमधले करंट एकमेकांना मारून शून्य होतात, असं पुस्तकात शिकवतात. पूर्वी याच भरवशावर न्यूट्रल बारीकही घालत. पण साधे चार्जर आणि एलईडी सरळ साइन लहर ओढत नाहीत. लहरीच्या शिखरापाशी घोटभर ओढतात. असा करंट ५० हर्ट्झच्या मूळ लहरीत १५०, २५० अशा लहरी मिसळून बनतो. १५०वाली लहर तिप्पट वेगानं जाते, म्हणून १२० अंशांचं अंतर तिच्यासाठी ३६० अंश होतं, म्हणजे अंतर उरतच नाही. तिन्ही फेजमधल्या या तिसऱ्या लहरी न्यूट्रलमध्ये खटाखट बेरजेत पडतात. अशा लोडवर न्यूट्रलचा करंट फेजपेक्षाही जास्त, वाईटात वाईट १.७३ पट होऊ शकतो. जुन्या इमारतीतला बारीक न्यूट्रल तापतो तो यामुळेही.

ओळखायचं कसं? नुसत्या टेस्टरवर जाऊ नका. घरातलाच न्यूट्रल तुटला असेल तर चालू ठेवलेल्या उपकरणातून फेज पलीकडे येतो आणि सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. मग "दोन्हीकडे फेज आलाय" असं म्हणत लोक डोकं खाजवतात. त्यापेक्षा सॉकेटमध्ये खोचायचं डिजिटल व्होल्टमीटर घ्या आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी आकडे वेळेसह लिहून ठेवा. घरमालकाशी बोलताना जळालेल्या चार्जरपेक्षा हा कागद जास्त उपयोगी पडतो. आपला गीझर लावल्यावर व्होल्टेज खूप खाली गेलं तर जोड कुठेतरी कच्चा आहे. पण आपण काहीच लावलेलं नसताना दिवे एकाएकी लखलखले आणि त्याच वेळी शेजारी मंदावले, तर मेन स्विच ताबडतोब बंद करा. वायरमननं न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज पाहावं: निरोगी वायरिंगमध्ये ते दोन-चार व्होल्टच्या आसपास असतं, दहांच्या घरात गेलं तर न्यूट्रलमध्ये दोष असण्याची दाट शक्यता.

बाजारात "वीज स्थिर करणारी, बिल वाचवणारी" म्हणून प्लगमध्ये खोचायची डबी मिळते. तिच्यात सहसा एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. न्यूट्रल तुटल्यावर ती फार तर इतरांच्या आधी जळेल. कामाचं असतं ते मेन बोर्डातलं ओव्हर-अंडर व्होल्टेज संरक्षण, जे व्होल्टेज पाहून पुरवठा तोडतं. दुरुस्ती मात्र बहुतेकदा भाडेकरूच्या घरात नसतेच; खालच्या मीटर पॅनेलमधली न्यूट्रलची पट्टी पुरवठा बंद करून तपासावी लागते. ते काम परवानाधारक वायरमनचं किंवा वीज कंपनीचं. पट्टीपासून निसटलेल्या न्यूट्रलच्या टोकाला हात लागला तर, तुमच्या घरात एखादा दिवा जरी चालू असला तरी, पूर्ण फेजचा झटका बसतो.