तुमची आद्याक्षरे दुसऱ्याच्या पाटीवर दिसली तर

बोधचिन्ह करून घ्यायला आलेल्या ग्राहकांकडून एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो : “आमची तीन अक्षरं कुणीतरी उचलली.” बहुतेक वेळा कुणी काही उचललेले नसते. अक्षरे मोजकी आहेत आणि संस्था उदंड, एवढेच.

रोमन लिपीतल्या 26 अक्षरांपासून तीन अक्षरी लघुरूपे होतात 17,576. आकडा भरपूर वाटतो, पण तो फसवा आहे. यातले एकेक लघुरूप प्रत्येकाने डोळे मिटून उचलले, तर साधारण 157 जणांतच कुणातरी दोघांच्या हाती सारखे लघुरूप येण्याची शक्यता निम्म्यावर जाते. शिवाय डोळे मिटून उचलतो कोण? नॅशनल, इंटरनॅशनल, असोसिएशन, सोसायटी हेच शब्द सगळ्यांना हवे असतात. त्यामुळे एन, आय, ए, एस यांच्यापाशी झुंबड आणि क्यू, एक्स ओस. विमानतळांच्या तीन अक्षरी कोडमध्ये असा घोळ होत नाही, कारण ते आयएटीए ही विमान कंपन्यांची एकच आंतरराष्ट्रीय संघटना ठरवून देते. संस्थांच्या लघुरूपांचे वाटप करणारे कुणी नाही.

म्हणून बीबीसी ही अक्षरे ब्रिटिश प्रसारण संस्थेची, तशीच ब्राउन बोवेरी या 1891 साली निघालेल्या स्विस वीजयंत्रांच्या कंपनीचीही. 1988 मध्ये ती आसिया या स्वीडिश कंपनीत मिसळून एबीबी झाली. रेडिओ ऐकणारा आणि जनित्र विकत घेणारा यांची गल्लत होण्याचे कारणच नव्हते. सीआयए म्हणजे अमेरिकेची गुप्तचर संस्था, आणि तिथलीच स्वयंपाक शिकवणारी नामांकित संस्थाही. एए हे ब्रिटनमध्ये वाहनचालकांच्या संघटनेचे लघुरूप, आणि दारू सोडू पाहणाऱ्यांच्या जगभरच्या गटांचेही. ही शेवटची जोडी आम्हाला फार आवडते.

भांडण झाले ते डब्ल्यूडब्ल्यूएफवरून. ‘वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड’ हा वन्यजीवांसाठीचा निधी 1961 चा. 1986 मध्ये त्याने नाव बदलून ‘वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर’ केले, पण जुनी अक्षरे सोडली नाहीत. दुसरा दावेदार म्हणजे कुस्तीचे खेळ करणारी अमेरिकन कंपनी. या कुस्तीवाल्यांच्या ‘वर्ल्ड वाइड रेसलिंग फेडरेशन’ या नावात आधी तीन डब्ल्यू होते. 1979 मध्ये त्यांनी ‘वाइड’ गाळला आणि अक्षरे तंतोतंत जुळली. तो एक डब्ल्यू राहिला असता तर बरेच वकील मोकळे बसले असते. 1994 मध्ये दोघांत करार होऊन कुस्तीवाल्यांच्या वापरावर मर्यादा आल्या. करार मोडल्याची तक्रार घेऊन निधी लंडनच्या न्यायालयात गेला आणि जिंकला. मे 2002 मध्ये कुस्तीची कंपनी डब्ल्यूडब्ल्यूई झाली.

ट्रेडमार्कच्या कायद्याचा प्रश्न साधारण असा असतो : ग्राहकाची फसगत होईल का? वस्तू आणि सेवांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण 45 वर्गांचे आहे, आणि वेगळ्या वर्गात तीच अक्षरे दुसऱ्याच्या नावे असू शकतात. मात्र फार प्रसिद्ध चिन्हाला वर्गाबाहेरही संरक्षण मिळते, तेव्हा “आमचा धंदा वेगळा” एवढ्यावर निर्धास्त राहू नका. संकेतस्थळाचे तर आणखी कडक : त्या अक्षरांचा डॉट कॉम पत्ता जगात एकालाच मिळतो.

नवे लघुरूप ठरवताना ते आधी मोठ्याने म्हणून पाहा. मग तुमच्याच व्यवसायात आणि त्याला लागून असलेल्या व्यवसायांत शोधा. तिथे सापडले तर सोडून द्या, कितीही आवडले असले तरी. दूरच्या क्षेत्रात सापडले तर सहसा घाबरण्यासारखे नसते, पण पहिली काही वर्षे पाटीवर पूर्ण नाव मोठे आणि अक्षरे लहान ठेवा. लोक उलट करतात.

आमच्याकडे येताना पूर्ण नाव, व्यवसायाचे दोन ओळींत वर्णन आणि पसंतीची निदान तीन लघुरूपे लिहून आणा. एकच आणले, तर ते दुसऱ्याचे निघाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.