हातटोकण यंत्र

हातटोकण यंत्र : ठरावीक अंतरावर, ठरावीक खोलीवर एका वेळी मोजकेच दाणे सोडून ते मातीआड करणारे, माणसाने ढकलायचे साधे अवजार. त्याला बैल लागत नाही, इंजिनही लागत नाही. भेंडी, गवार, वाटाणा, मुळा, पालक, मेथी, कोथिंबीर, गाजर अशा थेट पेरायच्या भाज्यांना ते सोयीचे असते. कांदा, टोमॅटो, मिरची यांची रोपे लावण्याची साधने वेगळ्या घडणीची असून त्यांचा विचार पुढे केला आहे. या नोंदीत भर आहे तो इंदूरच्या आसपासच्या छोट्या भाजीपाला शेतीवर. हलक्या जमिनीत सुरळीत चाललेले यंत्र माळव्याच्या काळ्या मातीत पहिल्याच ओळीत अडते, आणि घडणीचे खरे प्रश्न तिथूनच सुरू होतात.

इंदूरचा मराठी माणूस ‘टोकणे’ किंवा ‘टोबणे’ म्हणतो. शेजारचा माळवी शेतकरी लसणाच्या पाकळ्या लावण्याला ‘चोपाई’ म्हणतो. ‘तिफण’, म्हणजे बैलांनी ओढायचे तीन नळ्यांचे पेरणीचे अवजार, मात्र दोघांचीही. तिच्यात बी मोजण्याचे काम चाड्यावरची (नळ्यांच्या तोंडाशी बी सोडायच्या वाटीवरची) मूठ करते. बैलांच्या चालीकडे लक्ष ठेवून बोटांच्या फटीतून दाणे सोडायचे, ओळीच्या टोकाला मूठ आवळायची, दाणा बारीक असेल तर त्यात राख किंवा वाळू मिसळायची, हे सगळे त्या मुठीला येत असते. हातटोकण यंत्राची तबकडी म्हणजे त्या मुठीची नक्कल, आणि ती नक्कल नेहमीच थोडी कमी पडते.

अंतर आणि कष्ट : भेंडी ४५ × ३० सेंमी. अंतरावर लावायची तर एका एकरात सुमारे ३०,००० ठिकाणी बी टोकावे लागते. हाताने म्हणजे तितक्या वेळा वाकणे, आणि हे काम बहुतेक ठिकाणी बायकांच्या वाट्याला येते. यंत्राने तेच काम चालण्यावर येते. ओळींत ४५ सेंमी. अंतर असेल तर एकरभर पेरायला जवळजवळ ९ किमी. चाल होते. ताशी २ किमी. धरले, तर वळणे आणि बी भरणे सोडून साडेचार तास. ओळी ३० सेंमी.वर आणल्या की चाल साडेतेरा किमी. होते. कांद्यासारख्या १५ सेंमी.च्या ओळींना एका ओळीचे यंत्र परवडत नाही, कारण तेवढ्याच जमिनीत २७ किमी. चालावे लागेल.

माणूस दिवसभर टिकवू शकेल अशी शक्ती साधारण ७५ वॅट धरतात. ताशी २ किमी. वेगाला ती १४ किलो भाराच्या ढकलीइतकी होते, पण ही वरची मर्यादा झाली. यंत्र ८–१० किलोंच्या ढकलीत चालले पाहिजे. ही ढकल मोजायला दोरी आणि ताणकाटा पुरतो : यंत्र ओढून पाहायचे आणि काटा वाचायचा. दांडी कमरेच्या वर, कोपराच्या जरा खाली यावी आणि तिची उंची बदलता यावी. पुरुषाच्या मापाने जोडलेली दांडी बाईच्या छातीशी येते, आणि ते यंत्र दोन दिवसांत गोठ्याच्या भिंतीला टेकते.

बी मोजण्याची तबकडी : यंत्राचे चाक फिरते, त्याच्याबरोबर खाचा असलेली तबकडी किंवा रूळ फिरतो. पेटीच्या तळाशी प्रत्येक खाचेत दाणा बसतो, वरचे जादा दाणे ब्रश झाडतो आणि खाच खाली आली की दाणा नळीत पडतो. दोन दाण्यांतील अंतर म्हणजे चाकाचा परीघ भागिले चाकाच्या एका फेऱ्यात रिकाम्या होणाऱ्या खाचा. मुलांच्या २० इंची सायकलचे चाक टायरसह सुमारे ५० सेंमी. व्यासाचे असते, म्हणजे परीघ १५७ सेंमी. तबकडी चाकाच्याच आसावर बसवली, तर ५ खाचांना ३१ सेंमी., १० खाचांना १६ सेंमी. आणि १६ खाचांना १० सेंमी.च्या आसपास अंतर मिळते. चेन आणि दातेरी चाकांची गुंतागुंत नको असेल, तर तीन-चार तबकड्या करून ठेवणे हा सोपा मार्ग आहे. तबकडी नायलॉनची खरादावर कातून घेता येते. कडक लाकडाचीही चालते, पण पावसाळ्यात ती फुगते आणि आवळते.

खाच सर्वांत मोठ्या दाण्याहून दहा टक्के मोठी ठेवण्याचा प्रघात आहे. भाज्यांची बियाणी मात्र प्रघाताला फारशी जुमानत नाहीत. कोथिंबिरीसाठी धणे फोडून दोन दले करावी लागतात. बिटाचा ‘दाणा’ म्हणजे अनेक बियांचा गठ्ठा असतो, त्यामुळे एकेका ठिकाणी दोन-तीन रोपे उगवतात आणि विरळणी चुकत नाही. गाजराच्या बियांवर बारीक काटे असतात. ते चोळून काढले नाहीत तर बी पेटीतच एकमेकांत अडकते. भेंडीचे बी रात्रभर भिजवण्याची पद्धत आहे, पण भिजलेला दाणा फुगतो आणि खाचेला चिकटतो, म्हणून तो सावलीत वाळवून आणि मोठ्या खाचेच्या तबकडीनेच पेरावा. ट्रायकोडर्मासारखी (रोगांपासून बचाव करणाऱ्या बुरशीची) भुकटी लावली की दाण्यांचा घरंगळ बदलतो. त्यामुळे बीजप्रक्रिया आधी आणि यंत्राची मोजणी नंतर, हा क्रम उलटू नये.

एका ठिकाणी किती दाणे सोडावेत, हे उगवणशक्ती आणि बियाण्याची किंमत ठरवते. भेंडीच्या प्रमाणित बियाण्याची किमान उगवण ६५ टक्के असते. एकच दाणा सोडला तर शंभरात पस्तीस जागा रिकाम्या राहू शकतात. दोन सोडले तर बारा, तीन सोडले तर चार. भेंडीचे हजार दाणे साधारण ६० ग्रॅम भरतात, म्हणजे ३०,००० ठिकाणी दोन-दोन दाण्यांना साडेतीन किलोंच्या वर बी लागेल. संकरित बियाणे महाग असेल तर एकेक दाणा सोडून नंतर नांग्या भरणे, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोकणे, परवडते. देशी बी घरचेच असेल तर दोन दाणे सोडून विरळणी करावी.

काळी माती : इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, काळ्या मातीच्या पठारावर आहे. ही माती पाण्याने फुगते, वाळताना आकसून भेगाळते. ओली असताना ती चाकाला चिकटते, वाळली की तिची ढेकळे यंत्राला उडवतात. या दोन अवस्थांमध्ये वाफसा असतो, आणि पावसाळ्यात तो कधी दीड-दोन दिवसांचाच मिळतो. मूठभर माती दाबली तर तिचा गोळा व्हावा आणि बोटाने टोचताच तो फुटावा, ही वाफशाची ओळख. वाफसा नसताना चालेल असे यंत्र बनवण्याच्या नादात बरेच जण अवजार जड करत जातात. ते वाफशात झटपट चालेल एवढे हलके ठेवणे अधिक शहाणपणाचे.

चिखलाचा परिणाम फक्त कष्टावर होत नाही. चाकाला भोवताली एक सेंटिमीटर माती चिकटली, तर परीघ १५७चा १६३ सेंमी. होतो आणि अंतर वाढते. उलट भुसभुशीत जमिनीत चाक घसरते. दहा टक्के घसरले तर ३१ सेंमी.चे अंतर ३५ होते. म्हणून कागदावरच्या हिशोबावर विसंबू नये. चाकाला रंगाची खूण करून शेतात दहा फेरे चालवावेत, टेप लावावी आणि खाचा त्यावरून ठरवाव्यात. खोल नक्षीचे टायर टाळावे, चाकाला घासणारी लोखंडी खरवडपट्टी लावावी. तबकडी फिरवणारे चाक पुढे ठेवावे, म्हणजे ते न उकरलेल्या, तुलनेने कोरड्या पृष्ठावरून चालते. मागे असले तर फणाने (चर पाडणाऱ्या पात्याने) वर आणलेली ओली माती तेच गोळा करते.

फण अरुंद आणि धारदार हवा. बोथट फण चर उघडत नाही, माती पुढे लोटतो. बियाची नळी फणाच्या टाचेमागे, जमिनीच्या अगदी जवळ संपावी, कारण उंचावरून पडलेला दाणा चरात उडी मारतो आणि तबकडीने कमावलेले अंतर तिथे वाया जाते. नळी पारदर्शक ठेवली तर दाणे पडताना दिसतात, अडकले की लगेच कळते. यंत्र उभे असताना फण जमिनीत दाबला किंवा यंत्र मागे ओढले की नळीचे तोंड मातीने बुजते. चालता चालता फण टेकवायचा, ही एक सवय लागली की निम्म्या तक्रारी संपतात. खोलीचा अंगठेनियम जुनाच आहे : दाण्याच्या जाडीच्या दोन ते तीन पट. माती ओढायला फणामागे सायकलच्या जुन्या चेनचा तुकडा लोंबकळत ठेवला तरी चालतो.

पेरणीनंतर जोराचा पाऊस आला की काळ्या मातीवर पापडी धरते. गाजर, पालक यांचे कोवळे कोंब ती फोडू शकत नाहीत. यावर एक उपाय इंदूरच्याच मातीतला आहे. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्या वनस्पती संशोधन संस्थेत यशवंत वाड यांच्यासोबत शेतातला काडीकचरा आणि शेण थरांत रचून कुजवण्याची जी पद्धत बसवली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. असे पुरते कुजलेले खत चाळून, यंत्रावर दुसरी छोटी पेटी बसवून, चरात मातीऐवजी तेच सोडले तर ओळीवर पापडी धरत नाही. पेटीमुळे वजन वाढते, म्हणून हे छोट्या वाफ्यांपुरतेच परवडते.

खरिपात पाणी साचू नये म्हणून भाजी गादीवाफ्यावर किंवा वरंब्यावर घेतात. तिथे सरळ दांडीचे यंत्र गोत्यात आणते : ढकलणाऱ्याला स्वतःच पेरलेल्या ओळीवर पाय द्यावा लागतो. दांडी एका बाजूला वळवून बसवली की यंत्र वाफ्यावर आणि माणूस सरीत चालतो. इतकी साधी गोष्ट विकत मिळणाऱ्या बऱ्याच यंत्रांत आढळत नाही.

रोपांची साधने : टोमॅटो ६० × ४५ सेंमी.वर लावला तर एकरी साधारण १५,००० रोपे लागतात. त्यासाठी चोचीचा नळा बरा पडतो : उभ्याने चोच मातीत खुपसायची, वरून रोप सोडायचे, मूठ दाबून चोच उघडायची. कमर वाचते. कांद्याची रोपे मात्र १५ × १० सेंमी.वर एकरी पावणेतीन लाखांच्या घरात जातात, आणि एकेक रोप नळ्यातून सोडत बसणे म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा. तिथे खुंट्यांचा रूळ उपयोगी. सुमारे ३२ सेंमी. व्यासाच्या पिंपाचा परीघ १०० सेंमी. भरतो, त्यावर १० सेंमी.वर खुंट्यांच्या दहा रांगा आणि रांगेत १५ सेंमी.वर एकेक खुंटी. वाफ्यावरून तो फिरवला की भोके पडतात. रोपे हातानेच लावायची, पण अंतराची चिंता उरत नाही. जपानमध्ये कागदी कुंड्यांची साखळी वापरणारे हाताने ओढायचे लावणीयंत्र विकसित झाले. एका तबकात २६४ कुंड्या असतात आणि यंत्र ओढले की त्या उलगडत चरात बसतात. त्याला बारीक, ढेकळांविना माती लागते आणि तो खास कागद दर हंगामी विकत घ्यावा लागतो.

पूर्वपीठिका : इंग्लंडात जेथ्रो टलचे पेरणीयंत्र १७०१चे, भारतात नळ्यांची पाभर (बैलांनी ओढायचे पेरणीचे अवजार) त्याच्याही आधीपासून शेतात आहे. विसाव्या शतकात रे विजेवर्धने या श्रीलंकेच्या अभियंत्याने नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय शेती संस्थेत चाकाच्या परिघावर चोची बसवलेले, गडगडत टोकणारे यंत्र विकसित केले. आज शेतांत दिसणारी चोचींच्या चाकाची टोकण यंत्रे त्याच तत्त्वाची. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने (स्थापना १९७६) ‘नवीन डिबलर’ (डिबलर म्हणजे बी टोकण्याचे साधन) आणि फिरता डिबलर ही हातसाधने दिली. काळ्या मातीत चोचींच्या चाकाची अडचण म्हणजे चोची मातीने भरतात. त्यामुळे इथे फण आणि तबकडीची जोडी अधिक भरवशाची वाटते.

घडण आणि चाचणी : सांगाडा चौकोनी लोखंडी पाइपचा आणि एकूण वजन १०–१२ किलोंच्या आत असले की यंत्र खांद्यावर टाकून दुसऱ्या तुकड्यावर नेता येते. पाइप, बुश, नटबोल्ट, नळी असे सामान सियागंजच्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळते. सायकलचे जुने चाक भंगारातूनही येते. सगळे नटबोल्ट एकाच मापाचे घ्यावेत, म्हणजे शेतात एकच पाना पुरतो. हे किरकोळ वाटते, पण सुटलेला नट शोधताना वाफसा निघून जातो.

चाचणी दोन टप्प्यांत करावी. आधी यंत्र टेकूवर ठेवून चाक पन्नास फेरे फिरवावे आणि पडलेले दाणे मोजावेत. फुटलेले दाणेही वेगळे काढावेत, कारण ब्रशऐवजी पत्रा लावला असेल तर वाटाण्याची साल जाते. मग ग्रीस फासलेल्या लांब फळीवरून यंत्र चालवावे. दाणे पडले तिथेच चिकटतात. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ठरवलेल्या अंतराच्या दीडपटीहून मोठी फट म्हणजे चुकलेली जागा आणि निम्म्याहून कमी अंतर म्हणजे दुहेरी दाणा. दुहेरीपेक्षा चुकलेली जागा भाजीवाल्याला अधिक महाग पडते, म्हणून शंका असेल तेव्हा खाच किंचित मोठी ठेवावी.

लसणापुढे हे यंत्र अजून हात टेकते. पाकळी मुळाची बाजू खाली ठेवून लावावी लागते. उलटी पडली तर कोंब वळसा घेऊन उशिरा वर येतो आणि गड्डा वाकडा भरतो. नळीतून घरंगळलेली पाकळी कुठल्याही कुशीवर पडते. त्यामुळे माळव्यात चोपाईच्या दिवसांत यंत्राने नुसता चर पाडून घ्यावा, आणि पाकळ्या बोटांनीच खोचाव्यात.