टॅरँटुला पाळताय? ‘परिवेश’वरची नोंदणी आणि अर्ज अडकतो ती ठिकाणं

टॅरँटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी. त्याच्या नोंदणीचा अर्ज परत आला की लोक पहिल्यांदा ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलला दोष देतात. पण मी आजवर पाहिलेल्या बहुतेक परत आलेल्या अर्जांत घोळ खरेदीच्या दिवशीच झालेला होता. एका मुलाने मला त्याचं बिल दाखवलं. छापील, शिक्का मारलेलं, तारीखही स्पष्ट. वर्णनाच्या रकान्यात मात्र एवढंच: ‘स्पायडर, २ नग’. या बिलावरून कुठला कोळी, कुठून आला, कायदेशीर वाढवलेला की चोरून आणलेला, यातलं काहीच सिद्ध होत नाही. मुलाने पैसे प्रामाणिकपणे मोजले होते, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आधी नोंदणी कोणाला लागते ते पाहू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्यात चौथी अनुसूची नव्याने आली. सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येणारे प्राणी तिच्यात आहेत. यातला जिवंत प्राणी ज्याच्याकडे असेल त्याने कलम ४९ एम प्रमाणे तो कळवायचा आणि नोंदणी प्रमाणपत्र घ्यायचं. आपल्या छंदापुरतं बोलायचं तर ब्रॅकिपेल्मा, म्हणजे गुडघ्यांवर नारिंगी पट्टे असणारा मेक्सिकन रेड नी आणि त्याची भावंडं, तसंच भारत-श्रीलंकेतले झाडांवर राहणारे पेसिलोथेरिया हे सगळे यात येतात. विंचवांपैकी आफ्रिकेतला काळा एम्परर येतो. चिलियन रोझ किंवा सॅमन पिंक हे टॅरँटुला सायटीसच्या यादीत नाहीत, त्यामुळे त्यांना ही नोंदणी लागत नाही. पण यादीत नाही म्हणून परदेशातून मागवायला मोकळीक आहे, असं समजू नका. जुलै २०२१ मध्ये चेन्नईत कस्टम्सने पोलंडहून टपालाने आलेलं एक पार्सल उघडलं. आत चांदीच्या कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या १०७ छोट्या कुप्या होत्या आणि प्रत्येकीत एक जिवंत कोळी. आयात परवाना नाही, आरोग्याचे कागद नाहीत. पार्सल पोलंडला परत पाठवलं गेलं. समाजमाध्यमांवर ‘घरपोच देतो’ म्हणणाऱ्याचा माल कुठून येतो हे विचारायची तुमची पूर्ण तयारी हवी.

आता मुदत. सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे. नोंदणीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला निघाले. ज्यांच्याकडे तेव्हा आधीपासून प्राणी होते त्यांना सहा महिने दिले होते आणि ते ऑगस्ट २०२४ मध्ये संपले. तेव्हापासून प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवस मिळतात. लोक अजूनही ‘सहा महिने आहेत ना’ म्हणत निवांत बसतात, कारण जुन्या बातम्या तशाच फिरत राहतात. त्याहून वाईट गैरसमज २०२० च्या योजनेचा आहे. तेव्हा केंद्राने आपल्याकडच्या विदेशी प्राण्यांची स्वेच्छेने माहिती देणाऱ्यांकडून कागद मागितले नव्हते. ती सवलत कधीच बंद झाली आहे. ‘कागद नाहीत, पण स्वतःहून सांगतोय’ एवढ्यावर आज काम होत नाही. नियम मोडल्याचं ठरलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सहा इंचांच्या कोळ्यासाठी हे ओझं कोणी अंगावर घेऊ नये.

अर्ज भरणं तुलनेने सोपं आहे. परिवेश २.० पोर्टलवर खातं काढायचं, नोंदणीचा अर्ज निवडायचा, ओळखपत्र, पत्ता, प्राण्याचा तपशील आणि फोटो द्यायचे. अर्ज तुमच्या राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो.

अडतं ते मालकीच्या पुराव्यावर. हा कागद जवळजवळ कोणाकडेच धड नसतो. ऑनलाइन पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि विक्रेत्याशी झालेलं चॅट म्हणजे बिल नव्हे. पैसे देण्याआधीच विक्रेत्याकडून एवढं लिहून घ्या: शास्त्रीय नाव, संख्या, तारीख, त्याचं पूर्ण नाव-पत्ता, आणि त्याच्याकडे हा प्राणी कसा आला. पिल्लं त्याच्याकडेच जन्मली असतील तर आईबापाच्या नोंदणीचा तपशील मागा. जो हे द्यायला कुरकुर करतो त्याच्याकडून घेऊ नका. मी हे जीव तोडून सांगतो, कारण खरेदीनंतर विक्रेता फोन उचलत नाही आणि ३० दिवस भराभर निघून जातात.

दुसरा अडसर नावाचा. बरीच वर्षं ‘ब्रॅकिपेल्मा स्मिथी’ म्हणून विकले गेलेले कोळी खरं तर ब्रॅकिपेल्मा हॅमोरी असल्याचं २०१७ च्या अभ्यासात स्पष्ट झालं. कुरळ्या केसांचा, नवशिक्यांचा लाडका कोळी पूर्वी ब्रॅकिपेल्मा वंशात होता, आता ट्लिल्टोकॅटल वंशात गेला आहे. वंशाचं नाव बदललं म्हणून सायटीसमधून सुटका झालेली नाही. बिलावर जुनं नाव असेल तर ते खोडू नका. सोबत एक साधं पत्र जोडा आणि बिलावरचं नाव आणि आजचं नाव याच कोळ्याचं आहे असं दोन ओळींत लिहा. अधिकाऱ्याला ते माहीत असायला हवं होतं, हे खरं. पण वाट बघण्यापेक्षा पत्र लिहिणं लवकर होतं.

नखाएवढ्या पिल्लाचं लिंग ओळखता येत नाही. अंदाजाने ‘मादी’ लिहू नका, ‘निश्चित नाही’ असं लिहा. पुढे कात टाकल्यावर ती कात अलगद उचलून, सुकण्याआधी पाण्यात पसरून भिंगाखाली पाहिली की पोटाच्या आतल्या बाजूने लिंग कळतं. प्रत्येक कात तारीख घालून पाकिटात ठेवा. मादी वीस वर्षांहून जास्त जगू शकते, म्हणून ही फाइल तितकी वर्षं सांभाळायची आहे.

कातीवरून एक महत्त्वाची गोष्ट. प्राणी मेला, दुसऱ्याला दिला किंवा पिल्लं झाली, तर तेही कळवायचं असतं. पण तो मेला असं समजायची घाई करू नका. कात टाकताना टॅरँटुला पाठीवर उलटा पडतो, तासन् तास निपचित. घाबरून लोक त्याला हलवतात आणि त्यातच तो जखमी होतो. मेलेल्या कोळ्याचे पाय सहसा पोटाखाली आवळलेले असतात. उलटा पडलेला दिसला तर डबा बंद ठेवा, एक दिवस थांबा, मगच काय कळवायचं ते ठरवा. नर-मादी एकत्र आणायच्या आधी मात्र नीट विचार करा. अंड्यांच्या एका पिशवीतून शेकडो पिल्लं निघतात आणि प्रत्येकाचा हिशेब तुमच्या नावावर लागतो.

रानातून आणलेल्या कोळ्याला या अर्जातून वाट नाही. झाडाच्या ढोलीतून काढलेला पेसिलोथेरिया घेऊन कोणी विचारायला येतं तेव्हा मी एवढंच सांगतो की तो घरी ठेवू नका, वन विभागाला फोन करा. आंध्रातल्या एका छोट्या जंगलपट्ट्यात उरलेला निळा पेसिलोथेरिया मेटॅलिका अतिसंकटग्रस्त आहे, आणि पेसिलोथेरिया चावला तर स्नायूंचे गोळे कित्येक दिवस छळतात.

पाहणीला वन विभागाचं कोणी आलं तर मूळ बिल, अर्जाचा क्रमांक आणि कातींची पाकिटं एकत्र हाताशी ठेवा. रेड नीच्या डब्याचं झाकण मात्र उघडू नका, साहेबांनी आग्रह केला तरी. तो पोटावरचे बारीक केस पायांनी झाडतो, ते डोळ्यात गेले तर डॉक्टर गाठावा लागतो. पारदर्शक डबा आणि चांगला टॉर्च एवढ्यावर पाहणी होते.