टपालाचे बंधन सैल करणे आणि काढून टाकणे : ब्रिटन आणि डेन्मार्क

२०२५ मध्ये युरोपातून टपालाविषयी दोन बातम्या आल्या. ब्रिटनमध्ये सेकंड क्लासची, म्हणजे कमी दराची आणि थोडी उशिरा पोहोचणारी, पत्रे एक दिवसाआड वाटली जाऊ लागली आणि डेन्मार्कमध्ये पोस्टनॉर्ड या सरकारी मालकीच्या कंपनीने पत्रांचा बटवडा वर्षअखेरीस थांबवण्याचे जाहीर केले. पत्रे कमी झाली हे दोन्हींचे कारण एकच असल्यामुळे या बातम्या एकाच वाटेवरचे पुढचे-मागचे टप्पे समजल्या जातात. पण ब्रिटनने बंधन सैल केले, तर डेन्मार्कने ते काढून टाकले.

हे बंधन म्हणजे सार्वत्रिक सेवेचे बंधन. देशातल्या प्रत्येक पत्त्यावर, ठरलेल्या दिवशी, सर्वत्र सारख्याच दराने टपाल पोहोचवणे, मग तो पत्ता लंडनमधला असो किंवा स्कॉटलंडच्या एखाद्या बेटावरचा. ब्रिटनमध्ये २०११ च्या कायद्याने ते घातले आहे आणि २०१३ मध्ये रॉयल मेल या टपाल कंपनीचे खासगीकरण झाल्यावरही ते कायम राहिले. मालकी कोणाची आणि बंधन कोणावर, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत.

ब्रिटनमध्ये २००४-०५ च्या सुमारास वर्षाला जवळपास २,००० कोटी पत्रे जात असत. आता ती त्याच्या सुमारे एक तृतीयांश उरली आहेत. पत्रे कमी झाली तरी पोस्टमनची पायपीट त्या प्रमाणात कमी होत नाही, कारण गल्लीत दहा पत्रे असोत की तीन, गल्ली तेवढीच लांब असते. म्हणून ऑफकॉम या नियामकाने २८ जुलै २०२५ पासून सेकंड क्लासचा शनिवारचा बटवडा वगळला आणि उरलेल्या पाच दिवसांत तो एक दिवसाआड करण्याची मुभा दिली. फर्स्ट क्लासचे सहा दिवस, देशभर एकच दर आणि सेकंड क्लाससाठी तीन कामाच्या दिवसांची मुदत तशीच राहिली. वेळेवर पोहोचण्याची उद्दिष्टे मात्र उतरली: फर्स्ट क्लाससाठी ९३ वरून ९० टक्के आणि सेकंड क्लाससाठी ९८.५ वरून ९५ टक्के. त्याच्या जोडीला एक नवी अट आली, ती म्हणजे फर्स्ट क्लासची ९९ टक्के पत्रे तीन दिवसांत आणि सेकंड क्लासची ९९ टक्के पाच दिवसांत पोहोचलीच पाहिजेत. मला ही अट सर्वांत मोलाची वाटते, कारण रुग्णालयाच्या तपासणीचे पत्र तारीख उलटून गेल्यावर हाती पडते तेव्हा त्या माणसाला सरासरीच्या आकड्याचा काहीच उपयोग नसतो.

डेन्मार्कमध्ये आधी बंधन गेले आणि मग बटवडा. तेथे १ जानेवारी २०२४ पासून नव्या कायद्याने पोस्टनॉर्डवरचे सार्वत्रिक सेवेचे बंधनच संपवले, बाजार खुला केला आणि पत्रांना असलेली मूल्यवर्धित कराची सूटही काढली. त्यामुळे टपाल हशीलावर २५ टक्के कर बसू लागला. सन २००० नंतर पत्रांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली होती. बंधन नसलेल्या कंपनीने तोट्याचा धंदा सोडला, आणि १६२४ पासून चालत आलेला सरकारी पत्रबटवडा डिसेंबर २०२५ च्या अखेरीस थांबला. सुमारे १,५०० लाल टपालपेट्या काढल्या गेल्या.

तरीही ‘डेन्मार्कमध्ये पत्रे बंद झाली’ हे म्हणणे खरे नाही. दाओ ही खासगी कंपनी पत्रे पोहोचवते. छोटी बेटे आणि अंधांसाठीचे टपाल यांची सोय सरकार वेगळे कंत्राट देऊन करते. शिवाय २०१४ पासून तेथे सरकारी पत्रव्यवहारासाठी प्रत्येक नागरिकाला डिजिटल टपालपेटी सक्तीची आहे. ज्यांना ती वापरता येत नाही त्यांनाच सूट मिळते. ब्रिटनमध्ये अशी सक्ती नाही, म्हणून ‘डेन्मार्कला जमले, मग ब्रिटनला का नाही’ हा प्रश्न मुळातच अपुरा आहे. मला चिंता वाटते ती डेन्मार्कमधल्या सूट मिळालेल्या, बहुतांशी वयस्क माणसांची. त्यांच्या दारी येणारे पत्र आता बाजाराच्या भरवशावर आहे.

ब्रिटनमध्ये बंधन शिल्लक असल्यामुळे चुकणाऱ्याला जाब विचारता येतो: उद्दिष्टे हुकल्याबद्दल ऑफकॉमने ऑक्टोबर २०२५ मध्ये रॉयल मेलला २.१ कोटी पौंडांचा दंड केला. सेकंड क्लासमधला बदल हा नियामकाच्या अधिकारातला होता. पत्रांचे आठवड्याचे सहा दिवस मात्र कायद्यातच लिहिलेले असल्याने ते कमी करायचे झाले, तर पार्लमेंटलाच तसे ठरवावे लागेल.