युडायमोनिया आणि हेडोने: दोन्ही ‘सुख’च?

पोटभर जेवून ‘काय सुख आहे!’ म्हणणारा माणूस आणि नव्या जोडप्याला ‘सुखानं नांदा’ म्हणणारी आजी, दोघांचा शब्द एकच. ग्रीकांकडे मात्र दोन होते.

जेवणानंतरचं सुख म्हणजे हेडोने. हा शब्द आपल्याला तसा परका नाही. ‘हेडूस’ म्हणजे गोड, आणि त्याचं संस्कृतमधलं भावंड ‘स्वादु’. जिभेवर आहे तोवर आहे, असा तो मामला.

युडायमोनिया ‘नांदण्या’च्या बाजूची. यातला ‘यु’ म्हणजे चांगलं, आपल्या ‘सु’चा नातलग. ‘डायमोन’ म्हणजे देवता किंवा माणसाचं नशीब सांभाळणारी दैवी शक्ती. त्याचं मूळ बहुधा ‘वाटून देणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. आपल्याकडे ‘भाग’वरून ‘भाग्य’ झालं, तसंच काहीसं. म्हणजे ज्याची देवता चांगली, तो युडायमोन.

यात मनाला काय वाटतं याचा उल्लेखच नाही, आणि खरी मेख इथेच आहे. कल्याण, सोपारा, पैठण यांची नोंद असलेल्या ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात एडनच्या बंदराला ‘युडायमोन अरेबिया’ म्हटलं आहे. बंदराला कसला आलाय आनंद? भरभराटीचं, एवढाच अर्थ.

अ‍ॅरिस्टॉटलनं (इ.स.पू. ३८४–३२२) हा शब्द दैवाच्या हातून बराचसा काढून माणसाच्या वागण्याकडे आणला. सद्गुणांनुसार, आणि तेही पूर्ण आयुष्यभर जगणं, ही त्याची युडायमोनिया. त्यामुळे लहान मूल त्याच्या मते युडायमोन असूच शकत नाही. दिवसभर खिदळणारं पोर! मला हे आधी क्रूर वाटलं होतं. पण तो मुलाचा आनंद नाकारत नाही. अजून जगायचंच राहिलेल्या आयुष्यावर शेरा मारायला नकार देतो.

तरीही हे दोन शब्द एकमेकांचे वैरी नव्हेत. युडायमोनिया हवी यावर जवळपास सगळ्यांचं एकमत होतं. वाद होता ती कशात आहे याचा. हेडोने हे त्याचं एक उत्तर, आणि ते देणारा ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस (इ.स.पू. ३४१–२७०) चैनीसाठी बदनाम झाला. त्याची हेडोने म्हणजे शरीराला दुखणं नाही आणि मनाला घोर नाही, इतकीच. मनात येईल तेव्हा मेजवानी करता यावी म्हणून त्यानं एका मित्राकडे मागितलं काय, तर चीजचं एक छोटं मडकं.